हसकेलनंतरचा मांडव

मागच्या अंगणात बांबू पडल्याचा आवाज झाला आणि रिवकाबाईंनी मान वर केली.

शुक्रवारी दुपारी हसकेलना मातीत ठेवून माणसं परतली, तेव्हापासून त्या चटईवरच होत्या. सोफ्याच्या गाद्या भिंतीशी उभ्या केलेल्या, आरशावर चादर, कोपऱ्यात दिवा. माणूस गेला की सात दिवस असं जमिनीवर बसायचं, चूल पेटवायची नाही, शेजारपाजाऱ्यांनी आणलेलं खायचं, ही आपटेकरांच्या घरातली, सगळ्या बेने इस्रायलांतलीच रीत. त्यांच्या ब्लाउजच्या गळ्याशी कात्रीनं दिलेली चीर होती. ती त्या मधूनमधून बोटांनी चाचपायच्या आणि पुन्हा हात मांडीवर ठेवायच्या.

"शेबा, मागं कोण आलंय?"

स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं नाही. त्यावरूनच त्यांना कळलं.

"काका आलेत," लेक दारात येऊन म्हणाली. "टेम्पोतून बांबू आणलेत."

"त्यांना सांगितलं होतं, या घरात पाय ठेवायचा नाही."

"घरात नाही आले. फाटकातून परस्पर अंगणात गेले. आई, आज संध्याकाळपासून मांडवाचा सण लागतो."

"मला माहितीये काय लागतंय ते."

नवीन पनवेलच्या या सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहायला आल्यापासून एकही वर्ष मांडव चुकला नव्हता. मागं हातभर अंगण, तेवढ्यात हसकेल आणि शिमशोन दोघे भाऊ मिळून तो उभा करायचे. रिवकाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा शिमशोन शाळेत जाणारा पोरगा होता. त्याला त्यांनी आयुष्यभर अरेतुरे केलं, त्याची बायको गेल्यावर डबे पोचवले. शुक्रवारपासून मात्र त्याचं नाव निघालं की त्या 'त्यांना', 'ते' असं परक्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होत्या.

"त्यांना म्हणावं, बांबू आले तसे परत न्या. मी सात दिवस बसणार आहे. माझा नवरा चार दिवसांत संपलेला नाही."

"आई, नियम असा आहे की सण आला की—"

"नियम त्यांनी सांभाळावेत. नियमापायीच माणूस घालवला त्यांनी."

नेसिम आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभा होता. इस्रायलमधल्या अश्दोदहून विमानं बदलत तो काल सकाळी पोचला, तेव्हा बापाच्या मातीला दोन दिवस होत आले होते. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. शर्टाला डावीकडे चीर.

"तू जा," रिवकाबाई त्याला म्हणाल्या. "शेबाच्यानं होणार नाही. तू सांग त्यांना."

---

नेसिम अंगणात आला तेव्हा काका उकिडवा बसून सुतळीची गुंडी सोडवत होता. चारही कोपऱ्यांतल्या फरशीतल्या जुन्या खड्ड्यांत त्यानं खांब रोवूनही टाकले होते.

"काका, आई म्हणतेय बांबू परत न्या."

"ऐकलं मी. खिडकी उघडीच आहे."

"मग?"

"मांडव घालून जातो. मी बसणार नाही त्यात. तुम्ही तिघं बसा."

"आम्ही बसणार नाही."

काका सुतळी सोडवत राहिला. तो हसकेलसारखाच लांब बोटांचा होता. नेसिमनं नजर वळवली.

कुंपणापलीकडून शशिकला डोकावली. ती उरणकडच्या गावची, लग्नानंतर बरीच वर्षं इथंच. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवरून वाट्या जात-येत तिची आणि रिवकाबाईंची मैत्री झालेली. शुक्रवारपासून या घरात जे शिजवलेलं आलं त्यातलं अर्धं तिच्याकडचं होतं.

"नेसिमभाऊ, माडाच्या झावल्या तोडून ठेवल्यान ह्यांनी," ती म्हणाली. "दरसाल हसकेलसर मागाचे. यंदा कोन मागनार, म्हून आमीच तोडल्या. देऊ का नको, त्याच समजत नाय."

"दे, शशिकला," काका म्हणाला.

"नको," नेसिम म्हणाला.

ती दोघांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "रागवू नका, पन आमच्यात सुतकान सण नाय करत. तुमच्यात कसा काय?"

"आमच्यात उलटं आहे," काका म्हणाला. "सण दाराशी आला की बसणाऱ्यानं उठायचं. आज सूर्य बुडला की राहिलेले दिवस माफ."

"आनि मानुस? चार दिसान इसरायचा?"

"विसरायला कुणी सांगितलंय? फक्त उठायचं. आंघोळ करायची, बाहेर यायचं, पानाखाली बसून चार घास खायचे. आमचे पूर्वज मिसर देशातून सुटले आणि चाळीस वर्षं रानोमाळ फिरले. घर नाही, दार नाही. अशाच खोपी. म्हणून वर्षातून एकदा आम्ही पक्कं घर सोडून खोपीत येतो. छप्पर असं घालायचं की पानांतून आभाळ दिसलं पाहिजे. पाऊस आला तर आत आला पाहिजे."

"आमचे सासरेपन घालाचे खोप, खल्यावर," शशिकला म्हणाली. "भात झोडून होवस्तर तिथंच निजाचे. आता तिथं गोदाम हाय."

"तोच मोसम. पीक घरात यायचा. कणगी भरली की माणसाला वाटतं, आता आपल्याला काही होत नाही. नेमकं तेव्हाच बाहेर यायला सांगितलंय."

शशिकलानं मान हलवली. काय ठरेल ते सांगा, असं म्हणून ती आत गेली.

नेसिमला आठवलं, अश्दोदच्या घरात जाड भिंतींची एक खोली आहे. हल्ल्याचा भोंगा वाजला की पोरांना उचलून त्या खोलीत शिरायचं आणि लोखंडी दार ओढून घ्यायचं. गेल्या दोन वर्षांत किती वेळा शिरलो ते सांगता आलं नसतं. आईला कायमचं तिकडे न्यायचं हे त्यानं विमानातच ठरवलं होतं. निदान तिथं तिला असल्या माणसाचं तोंड बघावं लागणार नाही.

"तुम्ही पप्पांना फोन केला होतात," तो म्हणाला.

"हो."

"डॉक्टरांनी उपास करायचा नाही म्हणून बजावलं होतं. दोनदा नळ्या घातल्या होत्या त्यांच्या छातीत. तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"ते घरी राहणार होते. आईला तसं कबूल केलं होतं त्यांनी. तुम्ही फोन करून सांगितलंत, उद्या प्रार्थनेला नऊच जण होतायत."

"हो. आदल्या दुपारी. ठाण्याचे दोघे येणार नाही म्हणाले, मग केला."

"त्यांना येतही नव्हत्या त्या प्रार्थना! पुस्तक उलटं धरलं तरी कळलं नसतं पप्पांना. फक्त डोकं मोजायला नेलंत तुम्ही."

काकानं सुतळी खाली ठेवली.

"दहा पुरुष असल्याशिवाय पुष्कळसं म्हणताच येत नाही, नेसिम. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. संध्याकाळी आभाळाची दारं मिटतात त्या वेळची प्रार्थना..." तो थांबला. "हे सांगून उपयोग नाही. मी फोन केला. ते आले. दिवसभर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. यातलं काही खोटं नाही."

नेसिमला भांडायचं होतं आणि समोरचा माणूस भांडत नव्हता. त्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं तेव्हा ती चीर दिसली. मळलेल्या पांढऱ्या शर्टाला, उजव्या बाजूला. आईबापासाठी डावीकडे फाडतात, भावासाठी उजवीकडे.

"तुम्ही कुठं बसलात?" त्याच्या तोंडून गेलं.

"कधी?"

"शुक्रवारपासून."

"घरी. सुकापूरला."

"बरोबर कोण होतं?"

"कोण असणार? वहिनींनी इथं यायला मना केलं, मग माणसं इकडेच येत राहिली. बरोबरच आहे, मोठं घर हे."

"मातीहून आल्यावर खायला कुणी दिलं?"

पहिला घास दुसऱ्याच्या घरचा लागतो, उकडलेलं अंडं आणि भाकरी. दुःखातल्या माणसानं स्वतःच्या हातचं खायचं नसतं. काका ओशाळल्यासारखा झाला.

"मीच उकडलं," तो म्हणाला.

नेसिम आत निघून गेला. बांबू परत न्यायचं पुन्हा सांगायचं राहूनच गेलं.

---

शेबानं दुधासाठी फ्रिज उघडला आणि खालच्या खणात, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हाताला लागलं.

महाळुंग होतं. मोठं, खडबडीत, देठ शाबूत असलेलं. पप्पांनी सणासाठी केव्हातरी आणून ठेवलं असणार. देठ मोडला तर ते चालत नाही, म्हणून फडक्याच्या आत कापूस होता. तिनं ते हातात घेतलं तसं सगळं स्वयंपाकघर वासानं भरून गेलं.

ती तशीच बाहेर आली आणि आईच्या शेजारी, चटईवर बसली.

"हे बघ."

रिवकाबाईंनी फळाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"कधी आणलं?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत. मला नाही बोलले."

"मलाही नाही." त्यांनी वाकून वास घेतला. "मूर्ख माणूस. मला म्हणाला असता तर मी नीट ठेवलं असतं. कांद्याच्या वासात ठेवलंन."

शेबाला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नेसिम आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"जातायत का?" रिवकाबाईंनी विचारलं.

"नाही."

"सांगितलंस ना?"

"आई, काकानं स्वतःचं अंडं स्वतः उकडून खाल्लं."

बाहेर पुन्हा बांबू ओढल्याचा आवाज आला.

"मग मी काय करू?" रिवकाबाईंचा आवाज चढला. "मी त्यांच्यासाठी रडू? सकाळपर्यंत धड असलेला माणूस. कप घेतला हातात आणि कप खाली. मी फरशीवरचा चहा पुसत होते, नेसिम. मला वाटलं, हात थरथरला असेल. मी आधी चहा पुसला."

नेसिमनं मान खाली घातली.

"तू माझ्याबरोबर चल," तो म्हणाला. "महिना संपला की निघू. घर बंद करू. इथं काय राहिलंय आता?"

"दादा, हे आत्ता नको," शेबा म्हणाली.

"मग केव्हा? तू खांदा कॉलनीत, तुझा नवरा शालोम वर्षातले आठ महिने बोटीवर. ही एकटी राहणार? आणि जवळ आपला म्हणून तो—" त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. घटकेपूर्वी ते सहज पुरं झालं असतं.

शेबानं महाळुंग मांडीवर घेतलं. गुरुवारच्या रात्रीपासून जे तिच्या मनात होतं ते आता बोलावं की बोलू नये, हे तिला ठरवता येत नव्हतं. आईला राग धरायला जागा हवी होती आणि ती जागा काढून घ्यायची भीती वाटत होती.

"उपास सुटल्यावर मी गाडीतून आणलं पप्पांना," ती म्हणाली. "तुला माहितीये."

"हो."

"त्यांचा रंग उतरला होता. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, आईला काय सांगू? तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, कशाला गेलात? तर हसले. म्हणाले, 'शेबा, या सणाला आपण चार गोष्टींची जुडी धरतो ना हातात? महाळुंगाला चव आहे, वासही आहे. खजुरीला फळ आहे, वास नाही. सुवासिक पाल्याला वास आहे, फळ नाही. आणि वाळुंज. तिला ना वास, ना फळ. ओढ्याकाठचं झुडूप. पण ती नसेल तर जुडी होत नाही. मी वाळुंज आहे.'"

"हे तो दरवर्षी म्हणायचा," रिवकाबाई म्हणाल्या.

"हो. पण पुढं म्हणाले..." तिनं महाळुंग घट्ट धरलं. "म्हणाले, 'सगळा जन्म मी मागच्या बाकावर बसून तोंड हलवलं. शिमशोनला सगळं पाठ, मला काही नाही. पण आज मी उठून गेलो असतो तर ते सगळे गप्प झाले असते. आज मी लागलो.'"

रिवकाबाई समोरच्या दिव्याकडे बघत होत्या.

"लागला," त्या म्हणाल्या. "आणि मला? मला नव्हता लागत?"

शेबानं महाळुंग पुन्हा फडक्यात बांधलं.

---

आडवा बांबू एकट्यानं चढत नाही.

शिमशोननं तीनदा करून पाहिलं. एक टोक खांबाच्या बेचक्यात बसवून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिलं निसटायचं. दरवर्षी ते टोक हसकेल धरायचा. "धरलं," म्हणायचा. मग शिमशोन शिडीवर चढून गाठ मारायचा. गाठ मारता येत नाही म्हणून हसकेलला तो चिडवायचा आणि हसकेल खालून म्हणायचा, "तू बोलू नकोस, बांध."

त्यानं घाम पुसला. ऊन कलायला लागलं होतं. त्यालाही खरं म्हणजे आज सूर्य बुडेपर्यंत चटईवर असायला हवं होतं. पण चटईवर बसलं की गुरुवारची दुपार डोळ्यांसमोर यायची.

तेव्हा त्यानं हसकेलकडे वळून पाहिलं होतं. चेहरा पांढरा पडलेला, हात समोरच्या बाकावर घट्ट. शिमशोन प्रार्थना थांबवून जवळ गेला होता. "दादा, बाहेर बस. पाणी पी. जीव धोक्यात असेल तर उपास मोडायचाच, तोही नियमच आहे." आणि हसकेल म्हणाला होता, "बाहेर गेलो की नऊ. तू म्हण पुढं." शिमशोन पुढं म्हणत गेला होता. हात धरून त्याला बाहेर काढता आलं असतं. काढलं नाही. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर सगळे म्हणतील, मग तुझा काय दोष, हसकेलनंच ऐकलं नाही. मेलेल्या भावावर टाकून मोकळं व्हायचं त्याला नव्हतं.

त्यानं चौथ्यांदा बांबू उचलला. टोक बेचक्यात गेलं, तो दुसरीकडे वळला, बांबू सरकू लागला, आणि सरकता सरकता थांबला.

रिवकाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

अनवाणी, केस मोकळे, साडी चार दिवसांची. त्यांना बांबूचं वजन झेपत नव्हतं. मागं दारात नेसिम आणि शेबा दोघंही येऊन उभे होते. नेसिम पुढं धावला तर त्यांनी नुसत्या मानेनं त्याला थांबवलं.

"वहिनी," शिमशोन म्हणाला, "अजून ऊन आहे. सूर्य बुडायच्या आत तुम्ही उठायचं नाही. मी करतो."

"मी कधी उठायचं ते मला सांगू नकोस."

त्यानं शिडी जवळ ओढली.

"त्यानं तुला विचारलं नव्हतं का, की आलो नाही तर चालेल का?"

"नाही विचारलं."

"विचारलं असतं तर?"

"तर ये म्हणालो असतो," शिमशोन शेवटी म्हणाला. "मला वाटलं होतं, दोन तास येईल आणि बसून राहील. उपास करील असं वाटलं नव्हतं. पण ये म्हणालोच असतो."

रिवकाबाईंनी डोळे मिटले. बांबू त्यांच्या हातांत हलला.

"बरं झालं, खोटं नाही बोललास," त्या म्हणाल्या. "मी माफ केलेलं नाही तुला, शिमशोन. करीन की नाही, माहीत नाही. चढ वर. बांध."

तो शिडीवर चढला. गाठ दोनदा सुटली. खाली त्या बांबू धरून उभ्या होत्या आणि 'धरलं' म्हणत नव्हत्या. पहिली गाठ बसल्यावर नेसिमनं येऊन आईच्या हातून टोक घेतलं. त्या लगेच आत गेल्या नाहीत. भिंतीपाशी जाऊन त्यांनी हाक मारली:

"शशिकला, दे गं झावळ्या."

शेबानं ट्रंकेतून जुन्या साड्या काढल्या, तीन बाजूंनी बांधल्या. नेसिम शिडीवर, काका खाली. कुठली झावळी कुठं, एवढंच बोलणं. एकदा नेसिमनं विचारलं, "दाट झालं का?" आणि काकानं खालून बघून सांगितलं, "एक काढ. आभाळ दिसू दे." शशिकलानं भिंतीवरून केळी आणि सीताफळं दिली, ती आढ्याला सुतळीनं टांगली. रिवकाबाई चटईवर परत जाऊन बसल्या होत्या. पण आता त्यांनी चटई ओढून अशी घेतली होती, की उघड्या दारातून अंगण दिसेल.

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं आणि मावळलं. शेबानं आईला हात दिला. त्या उठल्या, न्हाल्या, धुतलेली पांढरी साडी नेसल्या.

---

काका फाटकाकडे निघाला होता. सुतळीची उरलेली गुंडी खिशात, शिडी खांद्यावर.

"कुठं चाललात?" नेसिमनं विचारलं.

"मी सांगितलं होतं, मी बसणार नाही."

नेसिमनं मागं वळून आईकडे पाहिलं. रिवकाबाई मांडवाच्या तोंडाशी उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी ताटं मोजली, तीन होती, आणि शेबाला म्हणाल्या, "अजून एक आण."

पौर्णिमा होती. यंदा कोजागिरीही आजच, त्यामुळे शशिकलाच्या गच्चीवर तिची मंडळी जमली होती. आटत्या दुधाचा वास खाली येत होता, पण आवाज बेतानं. या घरात काय झालंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. चंद्र समोरच्या इमारतीच्या वर आला तशी झावळ्यांतून उजेडाची कापं टेबलावर पडू लागली.

टेबलावर भात, नारळाच्या रसातला रावस, वर फडकं टाकलेल्या पोळ्या आणि चांदीच्या पेल्यात मनुकांचं सरबत. पेला हसकेलच्या जागेसमोर होता. त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

"दादा, तू म्हण," शेबा नेसिमला म्हणाली.

नेसिमनं पेला उचलला आणि काकापुढं धरला. "तुम्ही म्हणा. घरात आता मोठे तुम्हीच."

शिमशोननं वहिनीकडे पाहिलं. त्या टेबलाकडे बघत होत्या. त्यानं पेला घेतला.

आधी त्यानं पाहुण्यांना बोलावलं. या सणात रोज एका पूर्वजाला मांडवात या म्हणायचं असतं, पहिल्या रात्री अब्राहामला, ज्याचा तंबू चारही बाजूंनी उघडा असायचा. मग सरबतावरचा आशीर्वाद. मग मांडवात बसण्याचा. आवाज खडबडीत होता, पण चुकत नव्हता. नेसिमच्या लहानपणापासून हा आवाज या शब्दांना चिकटलेला होता. दूर देशी दर सणाला जे ऐकलं ते त्याला नेहमी थोडं उपरं वाटत आलं होतं. ते का, हे त्याला आत्ता कळत होतं.

एक आशीर्वाद राहिला होता. नव्या सणाच्या पहिल्या रात्री म्हणायचा. शिमशोननं तोंड उघडलं.

"बारूख अत्ता..."

पुढं येईना. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पेला तिरका होऊन सरबत त्याच्या बोटांवर आलं. ज्यानं आम्हांला जिवंत ठेवलं, ज्यानं आम्हांला टिकवलं, ज्यानं आम्हांला या वेळेपर्यंत आणून पोचवलं, असे ते शब्द. शेंबड्या पोरालाही पाठ असलेले. चौघांनाही ठाऊक होतं, तो का अडला. शिमशोननं पेला खाली ठेवला, तोंडावर हात घेतला आणि त्याचे खांदे हलू लागले.

शेबा त्याच्याकडे जायला उठली आणि मध्येच थांबली. नेसिमला वाटलं, आपण म्हणावं. पण त्यालाही ते म्हणता येईना. बाप गेल्याच्या चौथ्या दिवशी कुणी काय म्हणून हे देवाला सांगायचं?

वरच्या गच्चीवर कुणीतरी भांडं उतरवलं.

रिवकाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. हात लांब करून पेला घेतला, उजव्या तळव्यावर नीट बसवला. त्यांनी आयुष्यात कधी हा पेला धरून काही म्हटलं नव्हतं. कायम ऐकणाऱ्यांत होत्या.

त्या म्हणू लागल्या. हळू, एकेक शब्द स्वतंत्र, काही उच्चार मराठी वळणाचे, त्यांच्या आईकडून आलेले. 'जिवंत ठेवलं' या शब्दापाशी त्या थांबल्या. नेसिमला वाटलं, संपलं. त्यांनी श्वास घेतला आणि तो शब्द म्हटला. पुढचा म्हटला. शेवटचाही.

"आमेन," शेबा म्हणाली. नेसिम म्हणाला. शिमशोन उशिरा, हाताच्या आडून म्हणाला.

रिवकाबाईंनी एक घोट घेतला आणि पेला त्याच्यापुढं सरकवला.

"पी," त्या म्हणाल्या. "आणि ताट पुढं कर. भात गार होतोय."